खंड पडू नये म्हणून

मा. आरोग्यमंत्री,
तेलंगणा राज्य, हैदराबाद यांस,



भारतीय राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकास असा अधिकार दिला आहे की, आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणार्थ त्याने संघराज्यात अथवा आपल्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेतून शासनाकडे अर्ज करावा. त्या अधिकाराचा आश्रय घेऊन आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर मंडळातून हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. आणि ते बंद पाकिटातून न पाठविता उघडपणे प्रसिद्ध करीत आहे, याचे कारण एवढेच की, ज्या मामल्याविषयी ते आहे तो एका अर्जदाराचा नसून या मुलखातल्या घराघराचा आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन हैदराबाद राज्य विसर्जित झाले, तेव्हा आमच्या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले आणि आमचा बोथचा मुलूख इकडे राहिला. सीमा आखली गेली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत, कापूस दोहोंकडे सारखाच पिकत राहिला, आणि मराठी, गोंडी, तेलुगू, लंबाडी व उर्दू या भाषा एकाच आठवडी बाजारात बोलणारा हा समाज शासनाच्या आधारासाठी मात्र हैदराबादेकडेच पाहत आला. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले, २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, आणि शासन जवळ आले अशी भावना आम्हा सर्वांच्या मनात उत्पन्न झाली. त्या भावनेवर विसंबूनच पुढील निवेदन करीत आहे.

हे निवेदन इस्पितळासंबंधी नाही. आदिलाबादेत २००८ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास जोडलेले मोठे रुग्णालय आहे, ज्याला आम्ही सारे ‘रिम्स’ म्हणून ओळखतो. शस्त्रक्रियेची किंवा मोठ्या आजाराची वेळ आली तर आरोग्यश्री योजनेचा आधार आहे. गावोगाव फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेत, आणि त्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरावाचून दुसरे काही नाही. माझे निवेदन त्या लहानशा गोळीसंबंधी आहे, जी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फेफऱ्याच्या, दम्याच्या किंवा सिकलसेलच्या रोग्याने आज घ्यावयाची असते, उद्या घ्यावयाची असते आणि देहात प्राण असेतोवर घ्यावयाची असते. तापाचे औषध पाच दिवस मिळाले म्हणजे मिळाले. परंतु या रोगांचे औषध एकदा मिळाले, दोनदा मिळाले, वर्षातून नऊ महिने मिळाले, या विधानांना वैद्यकीय दृष्ट्या फारसा अर्थ नाही. ते खंड न पडता मिळाले तरच मिळाले. माझे सर्व म्हणणे या एका वाक्यात आहे. पुढचा मजकूर केवळ त्याचे विवरण आहे.

कडेम नदी आमच्या बाजारहत्नूरच्या परिसरात उगम पावते आणि कुंतलाच्या कड्यावरून खाली झेप घेऊन पुढे गोदावरीस मिळते. जे डोंगर आणि जी राने ती ओलांडते, त्यांनी कित्येक पिढ्या हिवतापाचे आणि पावसाळी अतिसाराचे थैमान सोसले आहे. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, फवारणी करणारे कर्मचारी पाठीवर पंप घेऊन पाड्यापाड्यांवर गेले आणि फवारणीची तारीख घरांच्या भिंतींवर लिहून आले. आमच्या भागातील आरोग्य खात्याची घडण अशी साथीच्या प्रसंगातून झाली: पाऊस लागला की सावध व्हावे, साथ उठली की धाव घ्यावी, शिबिर भरवावे, रक्ताचे नमुने घ्यावेत, औषध वाटावे आणि साथ ओसरली की ठाण्यावर परतावे. त्या रोगांस तो कारभार अनुरूप होता आणि त्याने असंख्य जीव वाचविले. परंतु ज्या रोगांना ऋतू नाही, ज्यांची साथ उठत नाही आणि ज्यांची ओरड होत नाही, त्यांच्यापुढे हीच कार्यपद्धती निरुपयोगी ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही दहा कोटींहून अधिक आणि उच्च रक्तदाबाचे रोगी एकतीस कोटींहून अधिक असल्याचा अंदाज वर्तविला गेला. हे रोग शहरातल्या सुखवस्तूंचे, हा समज त्या पाहणीनंतर तरी टिकू नये. कापूस वेचणाऱ्या बाईस ‘शुगर’ असते आणि नांगर धरणाऱ्या गड्यास ‘बीपी’ असतो, हे आमच्या गावात आता लहान मुलासही ठाऊक आहे.

रोग शोधण्याच्या कामी आपल्या शासनाने उणीव ठेवलेली नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करावी असा दंडक आहे, घरी येऊन रक्तदाब मोजला जातो, बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, नाव नोंदले जाते. तेलंगणाने २०२२ साली सकाळ, दुपार व रात्र अशा कप्प्यांच्या पिशव्या रोग्यांसाठी काढल्या, ती कल्पनाही फार चांगली होती; निरक्षर माणसास त्याच्या औषधाचा क्रम सांगणारी ती एक सोपी सोय होती. आमचे दुःख हे की, कप्पे असतात आणि काही महिन्यांत ते रिकामे असतात. कधी रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक असते आणि दुसरी ‘पुढच्या आठवड्यात येईल’. कधी मधुमेहाची गोळी तीस दिवसांऐवजी दहा दिवसांची मिळते. कधी औषध असते पण ते देणारा माणूस रजेवर किंवा बैठकीला गेलेला असतो. कोणा एका केंद्राचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव घेऊन त्यास दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण खिडकीच्या अलीकडे उभा असलेला रोगी आणि पलीकडे बसलेला औषधनिर्माता हे दोघेही एकाच तुटवड्याने बांधलेले असतात.

औषध संपल्यावर काय घडते, ते आपण मनात आणून पाहावे. रोजंदारीवर जाणारा माणूस एका दिवसाची मजुरी बुडवून मंडळाच्या गावी येतो, रिकाम्या हाताने परततो, आणि पुढच्या वेळी येण्याआधी दोनदा विचार करतो. महालक्ष्मी योजनेमुळे डिसेंबर २०२३ पासून स्त्रियांना परिवहन महामंडळाच्या बसमध्ये तिकीट पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत नवऱ्याचे औषध आणण्यासही बायकोच आदिलाबादेस जाते. परंतु ज्या गावास बसच जात नाही तेथल्या बाईस त्या सवलतीचा उपयोग डांबरी सडकेपर्यंत चालत गेल्यावरच होतो. ज्यांच्या गाठीस पैसा आहे ते मेडिकल दुकानातून विकत घेतात, आणि तेथे मिळते ती कंपनीच्या नावाची महाग गोळी, मूळ नावाची स्वस्त गोळी क्वचितच. ज्यांच्या गाठीस नाही ते एक दिवसाआड घेतात, अर्धी मोडून घेतात, नवराबायको दोघेही रोगी असतील तर एकाच्या गोळ्या दोघे वाटून घेतात. काही जण गावातल्या आरएमपीकडे, म्हणजे पदवी नसलेल्या वैद्याकडे, जातात, तो सलाईन लावतो, अंगात तात्पुरती तरतरी येते, आणि रक्तदाब जिथल्या तिथे राहतो. मग एके पहाटे लकवा मारतो. फेफऱ्याच्या रोग्याच्या बाबतीत तर महिनाभराच्या खंडाचीही गरज नाही. औषध एकाएकी तुटले की थोड्याच दिवसांत झटक्यांवर झटके येऊ लागतात, आणि त्यातून माणूस दगावतो. अशा वेळी दप्तरात शेरा पडतो की रोगी औषध नियमित घेत नव्हता. या शेऱ्याइतका अन्याय दुसरा कोणताही नसेल. लोक कंटाळा करतात, बरे वाटले की गोळी सोडतात, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या माणसास शासनानेच तीन वेळा माघारी पाठविले, त्याला चौथ्या वेळी नियमितपणाचा उपदेश करण्याचा अधिकार शासनास उरतो काय?

आता या तुटवड्याच्या मुळाशी जाऊ. पैशाचा अभाव हे त्याचे एक कारण आहे, परंतु माझ्या मते ते मुख्य नव्हे. या गोळ्या घाऊक खरेदीत इतक्या स्वस्त पडतात की राज्याच्या अंदाजपत्रकात त्यांचा भार जाणवू नये. मुख्य कारण मागणीपत्रकाच्या रीतीत आहे. कोणते औषध किती मागवावे याचा हिशेब सामान्यतः मागील वर्षी ते किती खपले यावरून केला जातो. मागील वर्षी जे औषध चार महिने शिल्लकच नव्हते, त्याचा खप अर्थातच कमी दिसतो. खप कमी म्हणून मागणी कमी. मागणी कमी म्हणून पुरवठा कमी. आणि पुरवठा कमी म्हणून पुढील वर्षी खप आणखी कमी. एकदा पडलेला तुटवडा अशा रीतीने कागदोपत्री गरजेचे रूप घेतो, आणि प्रत्येक अधिकारी आपापल्या जागी प्रामाणिक असूनही रोगी उपाशी राहतो. यावरचा उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ सालापासून ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्राबरोबर आपले तेलंगणाही होते, आणि त्या उपक्रमाचे एक मूलतत्त्व हेच होते की, औषधाचा अंदाज नोंदलेल्या रोग्यांच्या संख्येवरून करावा, मागील खपावरून करू नये. नावे तर आपल्या दप्तरात आहेतच. ज्या मंडळात जितके रोगी नोंदले आहेत, त्यांच्या बारा महिन्यांच्या गोळ्यांची बेरीज करणे हे शाळकरी मुलाचे गणित आहे.

याहून मोठा दाखला क्षयरोगाचा आहे, आणि त्यावर मी थोडे थांबणार आहे, कारण या पत्रातील माझी मुख्य मागणी त्यातूनच निघते. १९९७ सालापासून देशात जो सुधारित क्षयरोग कार्यक्रम राबविला गेला, त्यात उपचार सुरू होताच रोग्याच्या नावाची एक पेटी केंद्रात बाजूला काढून ठेवली जात असे. तिच्यात त्याच्या संपूर्ण उपचाराची, म्हणजे सहा किंवा अधिक महिन्यांची सगळी औषधे असत, आणि ती पेटी दुसऱ्या कोणाची नसे. मध्ये तुटवडा पडो, वाहतूक थांबो, अधिकारी बदलो. त्या माणसाचे औषध त्याच्या नावाने फळीवर उभे असे. शासनाने ही तजवीज केली, कारण अर्धवट घेतलेल्या औषधाने क्षयाचे जंतू अधिक बलवान होतात आणि त्यांचा धोका शेजाऱ्यास पोहोचतो, हे त्याला पटले होते. पुढे २००४ च्या एप्रिलपासून एचआयव्हीबाधितांना जन्मभराचे औषध विनामूल्य देण्यास आरंभ झाला, आणि जन्मभर चालणारे औषधही खेड्यापर्यंत पोहोचविता येते हे सिद्ध झाले. मग रक्तदाबाच्या रोग्याच्या नावाची पेटी का नसावी? त्याच्या रोगाची लागण शेजाऱ्यास होत नाही, एवढ्याच कारणाने त्याचा जीव हिशेबात कमी धरावा, असे आपण म्हणणार नाही याची मला खात्री आहे. परंतु आपला कारभार नकळत तसेच म्हणत आला आहे.

पुरवठ्याच्या व्यवस्थेचेही दाखले देशातच आहेत. तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे उभारली आणि प्रत्येक दवाखान्यास एक पासबुक दिले, ज्यात त्याच्या वाट्याची रक्कम जमा असे आणि त्या रकमेतून तो आपल्या गरजेची औषधे उचलीत असे. औषध कोठारातून बाहेर पडण्याआधी प्रयोगशाळेतून तपासून घेतले जाई. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सर्व सरकारी दवाखान्यांत मोफत औषधयोजना लागू केली. आपल्या राज्यातही खरेदीचे महामंडळ आहे आणि मध्यवर्ती कोठारे आहेत. परंतु आदिलाबादच्या कोठारापासून शेवटच्या उपकेंद्रापर्यंतची जी वाट आहे तिच्यावर औषधाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आजही निश्चित हुकुमाने ठरलेले दिसत नाही. आरोग्य केंद्राची गाडी गेली तर औषध येते, कर्मचारी बैठकीस गेला तर येताना घेऊन येतो. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की तेही थांबते. आमच्या घरांत वैशाखात पावसाळ्याची बेगमी होते, डाळ, मिरची, सरपण मृगाच्या आत घरात येऊन पडते. तीच दूरदृष्टी दवाखान्याने दाखवावी आणि मे महिन्याच्या अखेरीस दुर्गम गावांतल्या प्रत्येक नोंदलेल्या रोग्यास तीन महिन्यांचे औषध हातात द्यावे, ही मागणी अवास्तव नाही. कापूसवेचणीच्या हंगामात जी कुटुंबे महिना महिना दुसऱ्या मुलखात जातात, त्यांनाही निघताना तसेच औषध मिळावे.

इन्शुलिनची गोष्ट वेगळी सांगावी लागते. ज्यांनी ते शोधले त्यांनी १९२३ साली आपले एकस्व टोरांटो विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकले, या हेतूने की ते कोणाच्या नफ्याची वस्तू होऊ नये. शंभर वर्षांनंतर आमच्या मंडळातल्या मधुमेही मुलाच्या आईस ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावे लागते, आणि ज्या आदिलाबादेत उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या वर जातो तेथे शीतकपाटावाचून ते सांभाळावे लागते. शहाण्या बाया दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून त्यात कुपी ठेवतात, आणि ती युक्ती खरोखर उपयोगी आहे. परंतु खुद्द दवाखान्यात ते नसण्यास कारण काय? लशींसाठी दोन ते आठ अंशांची शीतसाखळी मंडळापर्यंत आलेली आहे. लशींच्या पेटीत दुसरे औषध ठेवू नये हा नियम मला ठाऊक आहे व तो योग्यही आहे. पण तिच्या शेजारी, त्याच विजेवर, एक लहान शीतकपाट ठेवण्यास कोणता नियम आड येतो?

सिकलसेलचेही तसेच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची घोषणा झाली, २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरले, आणि आदिवासी मुलखांत तपासणीची कार्डे वाटली जाऊ लागली. कार्ड मिळाले की मूल रोगी असल्याचे कळते. पण त्याच्या सांध्यांतल्या वेदना कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असूनही जर त्याला आदिलाबादेवाचून मिळत नसेल, तर त्या कार्डाने आईबापांस चिंतेशिवाय काय दिले? औषधाची हमी नसता रोगाचे निदान करीत सुटणे मला नैतिक दृष्ट्या अपुरे वाटते.

अत्यावश्यक औषधांची ही यादी आपल्या देशात १९९६ पासून आहे आणि २०२२ च्या आवृत्तीत तिच्यात ३८४ औषधे आहेत. तिच्यातली पुष्कळशी आपल्या हैदराबादेतच तयार होतात. १९६१ साली स्थापन झालेल्या आयडीपीएल या सरकारी कंपनीचा कारखाना हैदराबादेस निघाला, त्याच्या सावलीत रसायनतज्ज्ञांची एक पिढी घडली, आणि आज त्या शहराच्या भोवती बनलेली औषधे जगाच्या कानाकोपऱ्यांत जातात. त्याच राज्याच्या उत्तर सीमेवरच्या मंडळात त्या औषधांची वानवा पडावी, ही गोष्ट राज्याच्या कीर्तीस शोभत नाही.

आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये पाच लाखांवरून दहा लाख रुपयांवर नेण्यात आली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु ती योजना मुख्यत्वे इस्पितळात दाखल झालेल्याची आहे. मूत्रपिंड निकामी होऊन माणूस डायलिसिसवर गेला की शासन त्याच्यासाठी हजारो रुपये खर्च करण्यास सिद्ध होते. आणि ते मूत्रपिंड वाचविणारी रक्तदाबाची गोळी मात्र दहा वर्षे त्याला धड मिळालेली नसते. खर्चाचा हा क्रम उलटा आहे, आणि तो सुलटा करण्याचा अधिकार आपल्या हाती आहे.

भाषेविषयी एकच गोष्ट सांगतो. आमच्याकडे मराठी शाळांतून शिकलेली माणसे आहेत, गोंडी आणि लंबाडी बोलणारी, कोणतीच लिपी न जाणणारी माणसे आहेत. औषधाच्या पाकिटावर इंग्रजी आणि फलकावर तेलुगू असली की म्हातारा माणूस रंगावरून गोळी ओळखतो, आणि पुरवठादार बदलून गोळीचा रंग बदलला की दोनदा घेतो किंवा मुळीच घेत नाही. सूर्य आणि चंद्राच्या चित्रांचे शिक्के व मराठीतील दोन ओळी एवढ्याने हे संकट टळेल.

तेव्हा, महोदय, माझी प्रार्थना अशी आहे. बाजारहत्नूरसारख्या मंडळांतील प्रत्येक नोंदलेल्या दीर्घकालीन रोग्याच्या नावाने औषधाचा साठा राखून ठेवण्याचा लेखी हुकूम आपण काढावा. मागणीपत्रक रोग्यांच्या नोंदवहीवरून करण्याची सक्ती करावी. इन्शुलिन, फेफऱ्याची औषधे आणि हायड्रॉक्सियुरिया मंडळाच्या पातळीवर आणावीत. औषधवाटप आठवडी बाजाराच्या दिवशी सायंकाळपर्यंत चालू ठेवावे, कारण त्या दिवशी सारा मुलूख आपल्या पायांनी तेथे आलेला असतो. आणि कोणते औषध शिल्लक आहे व कोणते नाही, हे प्रत्येक दवाखान्याच्या दारावर मराठीसह लोकांच्या भाषांत रोज लिहिले जावे, म्हणजे तुटवडा लपणार नाही. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. येत्या मृगापूर्वी हा हुकूम निघाला तर यंदाच्या पावसाळ्यातच त्याचा गुण दिसेल. तो तेवढा अवश्य काढावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
बाजारहत्नूर मंडळातील एक मराठी नागरिक